लहान मुलांसाठी स्थिर विद्युतचे घरगुती प्रयोग: हमखास चालणारे कोणते?

पाटीपेन्सिल

पाच ते सात वर्षांची सहा मुलं आहेत, हाताशी तासभर आहे आणि विषय ठरलाय स्थिर विद्युत. सामान शक्यतो घरातलंच हवं. कंगवा आणि कागदाचे कपटे, भिंतीला चिकटणारा फुगा, नळाची वाकणारी धार हे नेहमीचे तीन प्रयोग करून बघितले. सकाळी जो फुगा भिंतीवर छान टिकला तोच संध्याकाळी त्याच भिंतीवरून घसरून खाली आला. कंगव्याकडे कपटे कधी झेपावतात, कधी ढिम्म हलत नाहीत. मुलांसमोर असं झालं की सगळी उठून दुसऱ्या खेळाला लागतात.

प्रश्न असे: हवा कशीही असली तरी चालतील असे प्रयोग आहेत का? फसला तर नेमका कुठे फसला हे कसं शोधायचं? या वयाला कारण किती खोलात सांगायचं, 'इलेक्ट्रॉन' हा शब्द आणायचा की टाळायचा? आणि फुगे, ठिणग्या वगैरेंत काळजी कशाची घ्यायची?

निर्वात

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सुटला की पहिला निम्मा सुटतो. कंगव्यावर प्रभार (चार्ज) आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. कपटे हलले नाहीत तर प्रभार आलाच नाही, की आला आणि हातातून निसटला, की कपटेच मोठे कापले होते, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून आधी दर्शक बनवा, प्रयोग नंतर.

सगळ्यात सोपा दर्शक म्हणजे टोकावर फिरणारी कागदी सूची. वहीच्या साध्या कागदाची ८ सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. तिला लांबीच्या दिशेने मधोमध घडी घाला, उघडा, मग रुंदीच्या दिशेने मधोमध एक हलकी घडी द्या आणि पुन्हा अर्धवट उघडा. पट्टीला बसक्या छपरासारखा आकार येतो. दोन घड्या जिथे छेदतात तो बिंदू टाचणीच्या टोकावर टेकवायचा. भोक पाडायचं नाही. टाचणी खोडरबराच्या खालून वर घुसवली की टोक दीडेक सेंटिमीटर वर येतं आणि रबर बैठकीचं काम करतो. एवढ्या लहानांच्या हाताशी टाचणी नको वाटत असेल तर खेळायच्या मातीच्या गोळ्यात टोक काढलेली पेन्सिल उभी खुपसा. सूची जरा जड फिरते, पण फिरते. पट्टीची टोकं मधल्या बिंदूपेक्षा खाली झुकलेली हवीत, नाहीतर ती सारखी पडत राहील.

पंखा बंद करा. निम्म्या वेळा सूची वाऱ्यानेच फिरत असते आणि मुलं टाळ्या वाजवत असतात. वारा लागू नये म्हणून वरून काचेची बरणी पालथी घालायचा मोह होतो, तोही टाळा. दमट दिवसात काचेवर ओलीचा थर असतो, तोच पडदा बनतो आणि आतली सूची हलत नाही.

आता घासलेला कंगवा सूचीच्या टोकापासून ५ सेंटिमीटरवर आणा. टोक कंगव्याकडे वळून थांबेल, कंगवा गोल फिरवला तर मागोमाग फिरेल. विल्यम गिल्बर्टने १६०० साली हेच केलं होतं, त्याची सूची धातूची होती एवढाच फरक. कंगव्याने सूची वळली पण कपटे उडाले नाहीत, तर दोष कपट्यांचा: ते ३-४ मिलिमीटरचे करा, कागद पातळ घ्या. सूचीच वळली नाही तर दोष कंगव्याचा किंवा हवेचा.

आणि मग हे करून दाखवा. सूची वळवणारा तोच कंगवा तोंडापाशी नेऊन त्यावर एकदा सावकाश, आरशावर वाफ धरतो तसा, 'हाऽऽ' करून ऊन श्वास सोडा. पुन्हा सूचीजवळ न्या. सूची ढिम्म. श्वासातल्या बाष्पाचा थर कंगव्यावर बसला आणि त्यातून प्रभार हाताकडे वाहून गेला. ओठ आवळून फुंकर मारली तर परिणाम बराच कमी होतो. मुलं 'हाऽऽ' आणि 'फू' यांची तुलना आपणहून करायला लागतात.

खरा चोर हाच, ओल. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली असेल तर बहुतेक सगळं चालतं. ४० ते ६० मध्ये वस्तू वाळवून घेतल्या तर चालतं. त्याच्या वर फुगा-भिंतीच्या नादी लागू नका. तुमचा फुगा संध्याकाळी घसरला त्यात हवेइतकाच हातांचा दोष असणार. दिवसभर हाताळलेल्या फुग्यावर घामातलं मीठ आणि तेलकटपणा बसतो, आणि मीठ ओल धरून ठेवतं. दर वेळी नवा फुगा घ्या आणि गाठीपाशी धरा.

वाळवायला हेअर ड्रायर, २० सेंटिमीटर अंतरावरून अर्धा मिनिट. वस्तू आणि घासायचं कापड, दोन्ही वाळवा. कापड वाळवायचं सगळे विसरतात. फुग्यावर ड्रायर लांबूनच, आतली हवा तापून फुगा फुटतो. एसी लावलेली खोली उत्तम, कारण एसी हवेतलं पाणी काढून टाकतो. कूलर नेमका उलटा.

शेवटचं, कंगव्याला रजा द्या. विजेच्या वायरिंगसाठी वापरतात तो २० ते २५ मिलिमीटर जाडीचा पीव्हीसी पाइप अर्धा मीटर घ्या, कापलेल्या कडा घासून गुळगुळीत करा. एका टोकाला धरायचं, दुसऱ्या टोकाकडचा ३० सेंटिमीटर भाग लोकरी कापडाने दाबून, भरभर, पंधरा-वीस वेळा घासायचा. पीव्हीसी दुर्वाहक असल्यामुळे प्रभार घासलेल्या जागीच बसून राहतो, म्हणून तिथे हात लावायचा नाही. एकाच दिशेने घासलं पाहिजे वगैरे काही नाही. पाइप धुतलात तर साबण पूर्ण जाईपर्यंत खळाळून घ्या, साबणाचा अंशही ओल ओढतो. कापड धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घातला असेल तर ते कापड बाद. सॉफ्टनर प्रभार साचू देत नाही.

ओढाताण

निर्वात यांच्या सूचीला अनुमोदन. दमट हवेतही चालणारे दोन सांगतो. एक रिकाम्या कॅनचा, एक चिकटपट्टीचा.

कॅन. शीतपेयाचा अॅल्युमिनियमचा रिकामा कॅन आडवा, गुळगुळीत आणि सपाट फरशीवर. गालिचा किंवा चटई नको. कॅनला पोचा नको, नाहीतर पोच्यावर येऊन अडतो. घासलेला पाइप कॅनला समांतर, २-३ सेंटिमीटर अंतरावर धरायचा, कॅन पाइपकडे गडगडत येतो. पाइप मागे मागे नेत राहिलं की कॅन मागे मागे येतो. दमट हवेत हा का चालतो? कॅनला प्रभार साठवून ठेवायचा नसतो. प्रभार दोन प्रकारचे, धन आणि ऋण. पाइपवर ऋण प्रभार आहे, तो कॅनमधले मोकळे इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण प्रभाराचे कण, पलीकडे ढकलतो, अलीकडची बाजू धन होते आणि ओढली जाते. सगळी हलवाहलव कॅनच्या आतल्या आत. पाइपवर थोडा प्रभार उरला असला तरी पुरतो.

दीड मीटरच्या दोन मार्गिका आखा आणि शर्यत लावा. नियम एकच: पाइप कॅनला टेकला की पहिल्यापासून सुरुवात. चार-पाच वर्षांची मुलं हमखास टेकवतात, तेव्हा हा नियम आधीच सांगा. शर्यत झाली की विचारा, "आता कॅन ढकलून दाखवा." पाइप कुठूनही आणला तरी कॅन जवळच येतो, लांब जात नाही. हा प्रश्न हवेत सोडून पुढच्या प्रयोगाकडे वळा.

चिकटपट्टी. हा माझ्या मते या विषयातला सर्वांत खात्रीचा प्रयोग आहे, आणि पुस्तकी यादीत सहसा नसतो. प्रभार येण्यासाठी घासावंच लागतं असं नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांना घट्ट भिडून सुटले की काम होतं. घासण्याने फक्त जास्त जागा भिडते. चिकटपट्टी तर भिडण्यासाठीच बनलेली.

आधी टेबलावर ३० सेंटिमीटरची एक पट्टी चिकटवा आणि ती तिथेच राहू द्या. हिला तळपट्टी म्हणू. टेबलाचा पृष्ठभाग लाकडाचा, लॅमिनेटचा, काहीही असला तरी तळपट्टीमुळे सगळ्यांना सारखाच निकाल मिळतो. आता १५ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या घ्या, प्रत्येकीचं एक टोक एक सेंटिमीटर दुमडून धरायला शेंडी करा. दोन्ही तळपट्टीवर शेजारी शेजारी चिकटवा, बोटाने नीट दाबा आणि एकदम झटक्यात उपटा. शेंडीला धरून दोन्ही समोरासमोर आणा. दोघी एकमेकींपासून लांब पळतात. ही झाली ढकल.

आता दुसरा डाव. एक पट्टी तळपट्टीवर, दुसरी तिच्या बरोबर डोक्यावर. दोघी जोडीने, न सुटता, हळू सोलून काढा. जोडीच्या बिनचिकट पाठीवरून बोट हलकेच फिरवा आणि जोडी सूचीजवळ धरा. सूची वळली नाही पाहिजे. वळलीच तर पुन्हा बोट फिरवा. मग दोघींना झटक्यात वेगळं करा. आता त्या एकमेकींकडे धावतात, इतक्या की वेगळ्या ठेवणं मुश्कील. चिकटपट्टी तीच, रोल तोच, वागणं उलटं. जोडीत प्रभार शून्य होता. सुटताना एकीकडे जेवढा जास्त गेला तेवढाच दुसरीकडे कमी पडला.

जोडीवर बोट फिरवायची पायरी गाळली की सगळं फसतं. तळपट्टीवरून सुटताना जोडीवर आधीच प्रभार आलेला असतो, मग वेगळ्या केल्यावर दोघी कधी ओढतात, कधी ढकलतात आणि डोकं फिरतं.

तासाचा हिशोब म्हणाल तर सूची बनवणं आणि 'हाऽऽ' यात वीस मिनिटं, कॅन पंधरा, चिकटपट्टी वीस. फुगा-भिंत हवा कोरडी असेल तरच.

सुईदोरा

फक्त सुरक्षेबद्दल, थोडक्यात.

न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा हा आठ वर्षांखालच्या मुलांसाठी घशात अडकण्याचा मोठा धोका आहे. फुगे मोठ्यांनी फुगवायचे, फुटला की तुकडे लगेच उचलायचे, कुणाला चघळू द्यायचे नाहीत. रबराची अॅलर्जी कुणाला आहे का हे आधी विचारा. पातळ पॉलिथिनच्या पिशव्या वापरणार असाल तर कापूनच मुलांच्या हाती द्या, अख्खी पिशवी नको. थर्माकोलचे सुटे दाणे दिसायला मजेदार असतात, पण नाकात जातात. मीठ आणि मिरपूड वेगळी करायचा प्रयोग पाच वर्षांच्या मुलांसोबत टाळाच, मिरपूड डोळ्यांत जाते.

ठिणगी चावते पण इजा करत नाही, कारण व्होल्ट हजारांत असले तरी प्रभार अगदी चिमूटभर असतो. मात्र जवळपास स्पिरिट, सॅनिटायझर, डिओचा फवारा असलं काही उघडं नको. आणि सर्वांत महत्त्वाचं: भिंतीतल्या प्लगमधली वीज हा आपला खेळ नाही, हे प्रयोग सुरू करण्याआधी एकदा आणि संपल्यावर पुन्हा सांगा. 'वीज' हाच शब्द दोन्हीकडे असल्यामुळे मुलांची गल्लत होऊ शकते.

पाटीपेन्सिल

सूची पहिल्या फटक्यात जमली, 'हाऽऽ' तर फारच भारी. कॅनही पळतोय. चिकटपट्टीत अडलंय: उपटल्या की दोन्ही पट्ट्या हाताकडेच वळतात आणि बोटांना गुंडाळतात, एकमेकींशी भेट होतच नाही. आणि नळाच्या धारेबद्दल कुणी बोललं नाही, तो प्रयोग घ्यायचा की सोडायचा?

तारायंत्र

हाताकडे वळतात म्हणजे प्रभार उत्तम आलाय, अभिनंदन! हात मोठा आणि वाहक आहे, तुमच्या कॅनसारखाच. प्रभारित पट्टीला तो ओढणारच. उपाय असा: पट्टी शेंडीपाशी अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत धरा, बाकीची बोटं मिटून घ्या. अजून सोपं म्हणजे एक पट्टी लाकडी मोजपट्टीच्या टोकाला लटकवा, मोजपट्टी टेबलाच्या कडेबाहेर काढून ठेवा आणि वर पुस्तक ठेवा. पट्टी टेबलाच्या पायापासून हातभर लांब लोंबली पाहिजे. मग दुसरी पट्टी हातात धरून लोंबणाऱ्या पट्टीकडे सावकाश न्या, साधारण १० सेंटिमीटरवर लोंबणारी हलायला लागते. पट्टी फारच वळत असेल तर खालच्या टोकाला नखाएवढा कागद चिकटवून वजन द्या.

धार. घ्या, पण शेवटी घ्या, कारण पाइपवर एक थेंब उडाला की तो पाइप तेवढ्यापुरता कामातून गेला. नळ अगदी बारीक, धार दीड-दोन मिलिमीटरची, काचेच्या काडीसारखी अखंड हवी. थेंब थेंब किंवा फवारा नको. तोंडाला जाळी असेल तर काढून ठेवा. पाइप धारेच्या वरच्या भागाजवळ, नळाच्या तोंडाखाली चारेक सेंटिमीटरवर आणि बाजूने दोन सेंटिमीटर अंतरावर. वर धारेचा वेग कमी असतो, म्हणून तिथे जास्त वाकते.

याचं कारण पुष्कळ ठिकाणी 'पाण्याचे रेणू ध्रुवीय असतात (एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण), ते वळून उभे राहतात' असं दिलेलं असतं. ते अपुरं आहे. रेणू वळतात हे खरं, पण डोळ्यांना दिसेल एवढं वाकायचं मुख्य कारण वेगळं आहे. नळाचं पाणी थोडं वाहक असतं आणि नळामार्फत जमिनीशी जोडलेलं असतं. ऋण पाइप जवळ आला की धारेत धन प्रभार ओढला जातो आणि तो घेऊनच पाणी तुटून खाली पडतं. लॉर्ड केल्विनने १८६७ साली नुसत्या पडत्या पाण्यावर ठिणग्या पाडणारं यंत्र केलं ते याच तत्त्वावर. सहा वर्षांच्या मुलाला हे सांगायची गरज नाही, पण सांगणाऱ्याला ठाऊक असावं.

आता कारण किती सांगायचं. या वयाला दोन शब्द पुरतात, ओढ आणि ढकल. 'प्रभार दोन प्रकारचे, एकसारखे ढकलतात, वेगवेगळे ओढतात' इथपर्यंत चिकटपट्टीने मुलं स्वतःच येतात. इलेक्ट्रॉन शब्द आणला तर बिघडत नाही, पण त्याने काही उलगडतही नाही. 'घासल्याने वीज तयार होते' हे मात्र म्हणू नका. होतं तेच वाटलं गेलं, एकाकडे जास्त आणि एकाकडे कमी, हे पुढे मोडून काढावं लागणार नाही असं उत्तर आहे. दोन्ही प्रकार शार्ल द्यु फे याने १७३३ साली ओळखले. धन आणि ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिनची.

ओढाताण यांनी 'कॅन ढकलून दाखवा' हा प्रश्न हवेत सोडला त्याचं उत्तर: ओढलं जाण्यासाठी समोरच्या वस्तूवर प्रभार असावाच लागत नाही. कॅन, कपटे, भिंत, हात सगळे रिकाम्या खिशाने ओढले जातात. ढकललं जाण्यासाठी मात्र दोन्हीकडे प्रभार लागतो. म्हणून एखाद्या वस्तूवर प्रभार आहे याचा पक्का पुरावा ढकल, ओढ नाही. शाळेतल्या पुस्तकांतून ही गोष्ट निसटते.

हे कपट्यांतही दिसतं, पण कुणी तेवढा वेळ थांबत नाही. घासलेला पाइप कपट्यांवर धरून हलवू नका, नुसतं बघत राहा. कपटे उडून चिकटतात. काही सेकंदांत त्यांतला एखादा उभा राहतो, थरथरतो आणि कुणी टिचकी मारावी तसा खाली फेकला जातो. पाइपला चिकटल्यावर त्याच्यावर पाइपचाच प्रभार आला, मग ओढीची ढकल झाली. अॅल्युमिनियम फॉइलचे कपटे घेतले तर हे क्षणात होतं, ते चेंडूसारखे खालीवर उड्या मारतात. आधी कागद, मग फॉइल असा क्रम ठेवा.

एक भर, शब्दांच्या हौशीपोटी. अंबरला आपल्याकडे तृणमणी म्हणतात, गवताची काडी ओढणारा मणी. ग्रीक लोक त्याच अंबरला 'इलेक्ट्रॉन' म्हणत आणि 'इलेक्ट्रिसिटी' हा शब्द तिथून आला. मुलांना इलेक्ट्रॉनपेक्षा तृणमणी जास्त आवडेल असं वाटतं.

आणि चुंबकाशी गल्लत होतेच. एक चुंबक जवळ ठेवा. तो कागदाची सूची हलवत नाही, घासलेला पाइप हलवतो. 'हाऽऽ' केल्यावर पाइपची ओढ जाते, चुंबकाला काही फरक पडत नाही. दोन मिनिटांत विषय संपतो.

निर्वात

मुलं सात-आठ वर्षांची असतील आणि हवा कोरडी असेल तर ठिणगीचं साधन करा. थर्माकोलची २०-२५ सेंटिमीटरची ताटली दुहेरी चिकटपट्टीने टेबलाला पालथी चिकटवा. तिच्यापेक्षा थोडी लहान अॅल्युमिनियम फॉइलची तयार ट्रे घ्या आणि आत मधोमध थर्माकोलचा पेला पालथा चिकटवा, ही मूठ. ट्रेचे कोपरे, फाटके काठ आत दुमडून गुळगुळीत करा. टोकदार कडेवरून प्रभार हवेत झिरपतो.

ताटली लोकरीने मिनिटभर जोरात घासा. ट्रे मुठीला धरून ताटलीवर ठेवा. ट्रेच्या काठाला बोट लावा, बारीकशी 'टक' जाणवेल. बोट काढा. मग मुठीला धरून ट्रे सरळ वर उचला आणि बोटाचं पेर तिच्याजवळ न्या. तीन ते पाच मिलिमीटरची ठिणगी मिळते. कोरड्या हवेत एक मिलिमीटर ठिणगीमागे ढोबळमानाने ३००० व्होल्ट धरा. खोलीत अंधार करून डोळ्यांना तीन-चार मिनिटं सरावू दिलं तर निळसर रेघ स्पष्ट दिसते.

गंमत पुढे आहे. ताटली पुन्हा न घासता ट्रे ठेवा, बोट लावा, उचला, ठिणगी. पुन्हा. पुन्हा. दहा-बारा वेळा सहज होतं. थर्माकोल दुर्वाहक आहे आणि ट्रे त्याला मोजक्या ठिकाणीच टेकते, म्हणून ताटलीचा प्रभार तसाच राहतो. प्रत्येक ठिणगीची ऊर्जा ट्रे उचलण्याच्या कष्टातून येते. ताटली टेबलाला चिकटवलेली नसेल तर ती ट्रेसोबत वर येऊ बघते, ती ओढ हाताला कळते.

हाताशी निऑन बल्ब असेल तर त्याची एक तार बोटांत धरून दुसरी उचललेल्या ट्रेला लावा, नारिंगी लुकलुक दिसेल. नीट बघा, आतल्या दोन कांड्यांपैकी एकच पेटते, आणि ती नेहमी ऋण बाजूची. इथे ट्रे धन असते, म्हणून हाताकडची पेटते. टेस्टरमध्ये हाच बल्ब असतो, पण मुलांच्या हातात टेस्टर देऊ नका. पुढचा प्रयोग ती प्लगवर करतील.

पाटीपेन्सिल

ट्रे ठेवली, बोट लावलं, टक जाणवली, उचलली तर काहीच नाही. सूचीजवळ नेली तरी फारशी वळत नाही. ताटलीवर मात्र प्रभार आहे, सूची तिच्याकडे जोरात वळते.

निर्वात

दोनपैकी एक होतंय. बोट लावलेलं असतानाच ट्रे उचलली जातेय, तर जो प्रभार बोटातून ट्रेवर आला तो त्याच वाटेने परत जातो. क्रम ठेवा, बोट, बोट काढा, मग उचला. तुम्ही 'काढा' असं मोठ्याने म्हणा आणि मगच उचला. किंवा उचलताना मुठीवरची बोटं घसरून ट्रेला लागताहेत. पेला बुटका असेल तर दोन पेले एकावर एक चिकटवा म्हणजे हात ट्रेपासून १० सेंटिमीटर तरी वर राहील. पेल्याला हाताचा घाम लागला असेल तर तोही ड्रायरने वाळवून घ्या.

संपल्यावर ताटली पुसू नका, फडक्यात गुंडाळू नका, कोरड्या जागी तशीच राहू द्या. अलेस्सांद्रो व्होल्टाने १७७५ साली हे साधन लोकांपुढे आणलं तेव्हा त्याला 'कायमचं' म्हटलं होतं, ते अगदीच उगाच नाही. दुसऱ्या दिवशी आधी सूची ताटलीजवळ नेऊन बघा. वळली, तर घासायची गरजच नाही.